एकटं, न विचारता, आणि परत

सरांनी मला विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मी चुकवलं होतं.

एम.ए.चा निकाल लागून दोन महिने झाले होते. अमरावतीच्या आमच्या कॉलेजात सूचनाफलकावर हातानं लिहिलेली एक चिठ्ठी टाचलेली दिसली. ‘गावोगाव पाहणीसाठी मुली पाहिजेत. उन्हात चालता आलं पाहिजे.’ खाली शहरातल्याच एका कॉलनीचा पत्ता. मी सगळ्या गुणपत्रिका प्लास्टिकच्या फाइलीत लावून गेले. आमच्याकडे आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही बाजूंनी, पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. त्यामुळे ती फाइल मी पोथीसारखी छातीशी धरत असे. दार उघडंच होतं. समोरच्या खोलीत बनियन घातलेले एक उंच, वाळके गृहस्थ स्टुलावर उभे होते. भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा, आणि त्यांच्या हातात पितळी कंपास. शाळेतली मुलं वर्तुळ काढायला वापरतात तसा, पण चांगला वीतभर लांब.

“काय येते तुले?” त्यांनी खाली न उतरताच विचारलं.

“सर, एम.ए. आहे. अर्थशास्त्र. फर्स्ट क्लास.”

“ते आहे. येते काय?”

मी फाइल उघडली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. मग माझ्या तोंडातून जे निघालं ते कुठून आलं, हे आजही मला कळलेलं नाही. “सर, विहिरीत उडी मारता येते.”

ते स्टुलावरून खाली उतरले. “पायऱ्यांवरून का काठावरून?”

“काठावरून. आमच्या वावरातली विहीर आहे.”

“उद्या सात वाजता ये. पाण्याची बाटली आणजो.”

पुढची चार वर्षं सरांनी माझी ओळख जिथं जिथं करून दिली तिथं ती अशीच: “ही आमच्याकडे काम करते. हिले विहिरीत उडी मारता येते.” सरकारी कचेरीत, लग्नात, एकदा तर एका माजी आमदारांसमोर. लोक माझ्याकडे आणि मी जमिनीकडे पाहत असे. पण ते सगळ्यांशीच तसं वागत. समोरचा वकील आहे, कापसाचा व्यापारी आहे, कोणाचा जावई आहे, यातलं त्यांना काही लक्षात राहायचं नाही. “यांना शिट्टी सुरेख वाजवता येते,” असं ते एका निवृत्त न्यायाधीशांबद्दल सांगत. एका लग्नात नवरदेवाला आहेर देताना त्यांनी हळूच विचारलं होतं, “वरण करता येते का?” नवरदेव नाही म्हणाला. सरांनी आहेर दिला, पण जेवायला बसेपर्यंत त्यांचा चेहरा पडलेला होता.

तीस वर्षं त्यांनी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर हे खूळ लागलं. कुठून लागलं, हे मी त्यांना अनेकदा विचारलं, आणि दर वेळी त्यांनी वेगळंच सांगितलं. त्यातलं एक मला खरं वाटतं. त्यांची एक हुशार विद्यार्थिनी लग्नानंतर त्यांना घरी चहाला घेऊन गेली. दोन मजली घर, दारात चारचाकी. सर म्हणाले, गच्ची दाखव. ती म्हणाली, “सर, गच्चीची किल्ली सासूबाईंजवळ असते.” सर सांगत, “मी तीस वर्षं पोरांना उत्पन्न शिकवलं. कोणाचं किती, कोणाचं कमी. त्या गच्चीच्या किल्लीचा रकाना माझ्या एकाही तक्त्यात नव्हता.”

म्हणून त्यांनी स्वतःचाच तक्ता बनवला. त्यातला मुख्य शब्द होता ‘पल्ला’. घरातल्या प्रत्येक माणसाचा पल्ला विचारायचा. म्हणजे तो किंवा ती कुठवर जाऊ शकते: एकटं, न विचारता, आणि परत. तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच पल्ला. मग नकाशावर त्या गावात कंपासचं टोक रोवायचं आणि तिथवरचं वर्तुळ काढायचं. पुरुषांचं निळं, बायांचं लाल. एकेका गावात टोक इतक्यांदा रोवलं गेलं होतं, की नकाशाला तिथं भोक पडलं होतं. दुरून पाहिलं तर निळी वर्तुळं नकाशाच्या कडेबाहेर भिंतीवर जात, आणि लाल वर्तुळं कुंकवाच्या टिकल्यांसारखी त्या भोकांभोवती गोळा झालेली दिसत. कुटुंब तेच, वावर तेच, घरातलं गहूतांदूळ तेच. मी पाच वर्षं विषमता शिकले होते, पण ती एका छपराखाली असते हे मला त्या भिंतीवर दिसलं.

‘गरीब’ हा शब्द आमच्या नोंदींत लिहायला बंदी होती. “काय करता येत नाही ते लिहा. गरीब लिहिलं की लिहिणाऱ्याचं काम संपते,” असं ते म्हणत.

सरावासाठी पहिला तक्ता स्वतःच्या घरचा भरायचा असे. मी चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावी जाऊन भरून आणला आणि अभिमानानं दिला. आईच्या पल्ल्यासमोर मी लिहिलं होतं, ‘अमरावती’. मला कॉलेजात घालायला ती आली होती ना!

“एकटी आली होती?” सरांनी विचारलं.

“नाही, बाबा होते.”

“मंग?”

“चांदूर बाजार. बाजाराला जाते ती.”

“एकटी?”

“...शेजारच्या बायांसोबत.” मला राग येऊ लागला होता. “रिद्धपूरच्या यात्रेला गेली होती एकदा.”

“एकटी?”

शेवटी मी आईला फोन लावला. ती हसली. “मले कोन एकटीले काहाले सोडते? मारुतीच्या देवळापावतर जातो. लिहून टाक मारुती.” मी अमरावती खोडून मारुती लिहिलं. माझी फी भरणारी, माझ्यासाठी गावाशी भांडलेली माझी आई. तिचं वर्तुळ नकाशावर काढताच आलं नाही. कंपासची दोन टोकं तेवढी जवळ येत नव्हती. सरांनी पेन्सिलीनं एक ठिपका दिला.  मी त्या दिवशी खोलीवर जाऊन रडले, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता परत गेले.

सरांसोबत गावात जाणं म्हणजे फजितीची तयारी ठेवून जाणं. एका गावात मी तक्ता भरत होते. घरात नववीतली मुलगी, भिंतीला टेकवलेली सायकल. मी ‘सायकल आहे’ अशी खूण केली. मागून सरांचा आवाज आला, “चालवून दाखव म्हण तिले.” मुलीनं आईकडे पाहिलं, मग अंगणात एक सुरेख गोल फेरी मारली.

“शाळेत नेते का बाई तू ही?”

“नाही.”

“काहून?”

आई मध्येच म्हणाली, “रस्ता बराबर नाही, सर.”

सर छत्री उघडून रस्ता पाहायला निघाले. डांबरी, नवाकोरा रस्ता. पुलाजवळ पानठेला, त्यासमोर बाकडं, बाकड्यावर गावातले चारपाच पोट्टे. सर तासभर त्यांच्यात बसून आले आणि मला म्हणाले, “लिही. सायकल आहे. चालवता येते. नेता येत नाही. रस्ता चांगला, बाकडं खराब.”

पाहणी करणाऱ्यानं फक्त पाहावं, असं आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं. पण पुढच्या बुधवारी शाळेच्या वेळेला ते पुन्हा त्या बाकड्यावर जाऊन बसले आणि पोट्ट्यांना मागणी आणि पुरवठा शिकवू लागले. त्याच्या पुढच्या बुधवारी चलनवाढ. तिसऱ्या बुधवारी बाकडं रिकामं होतं. मुलगी सायकल नेऊ लागली का? बुधवारी नेत होती, एवढं मला माहीत आहे.

धामणगावला, रेल्वेच्या फलाटाच्या टोकाशी, एक बाई आम्हाला भेटली होती. मोसमात गाडीत बोरं, सीताफळं विकायची. टिनाच्या एका खोलीत राहायची. आमच्या यादीतलं सगळ्यांत कमी सामान असलेलं घर तिचं.

“पल्ला कुठवर, मावशी? एकटीचा?”

“एकटीच तं हाव मी, माय. नागपूरपावतर जातो. इकडं बडनेरा.”

“गाडीची पाटी वाचता येते?”

“भोंगा वाचता येते,” ती म्हणाली, आणि सरांनी तिला चक्क हात जोडले.

परतताना मी उत्साहानं म्हणाले, सर, एखाद्या व्यापाऱ्याच्या बायकोपेक्षा ही बाई किती मोकळी! सर खिडकीबाहेर पाहत होते. म्हणाले, “तिले एखाद्या दिवशी न जाता येते का?”

हे मी विचारलं नव्हतं.

“मंग अर्धंच विचारलं तू.”

पुढच्या खेपेला विचारलं. ती म्हणाली, “तापात बी गाडी चुकवत नाई, बाई. मी बसली तं चूल बसते.” त्या दिवशी सरांनी तक्त्याला नवा रकाना जोडला: न जाता येते का?

आणखी एक नियम होता, आणि तो सगळ्यांत कडक. ‘कोणी अडवत नाही’ हे उत्तर लिहून आणायचं नाही. गावात पुरुष हमखास हेच सांगत. एसटीत बायांना अर्धं तिकीट झाल्यापासून तर जास्तच. “जा ना म्हनतो मी हिले! तिकीट अर्धं हाये. कोन अडवलं?” सर शांतपणे म्हणत, “भाऊ, अडवणं हाच एक अडथळा नसते.” आणि आम्हाला म्हणत, “जिथं ‘कोणी अडवलं’ असं ऐकू येते, तिथं दहा मिनिटं जास्त बसा.”

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिथं येऊन थांबतं.

मी सरांच्याच घरी, मागच्या अंगणातल्या खोलीत राहू लागले होते. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, ठेंगण्या, हसऱ्या, अकोल्याच्या माहेरच्या. जुन्या मॅट्रिक, टायपिंगची परीक्षा पास. त्यांची आई लवकर गेली, म्हणून थोरल्या बहिणीनं, ताईनं, त्यांना वाढवलं. ताई आता अकोल्यात मुलाकडे अंथरुणाला खिळलेली होती. रोज दुपारी काकू तिला फोन करत, आणि आवाज मोठा ठेवत असल्यामुळे मला माझ्या खोलीत ऐकू येई. आधी ताई खूप बोलायची. मग एकच गोष्ट दोनदा विचारू लागली. मग एके दिवशी तिनं विचारलं, “तू कोण बोलतेस ग?”

त्या दिवशी फोन ठेवल्यावर काकू माझ्या खोलीच्या दाराशी आल्या. मला म्हणाल्या, “ती मला ओळखते आहे तोवर एकदा तिच्यासमोर जाऊन बसायचं आहे. नंतर जाऊन काय, मी ओळखीन तिला, पण तिला कोण आलं हे कळायला नको?”

“मी येते ना तुमच्यासोबत. तीन तासांचा तर रस्ता.”

“मग घर?” त्या म्हणाल्या. मला तेव्हा त्याचा अर्थ नीट कळला नाही.

सरांना त्या विचारत. सर म्हणत, “हे गाव झालं की जाऊ.” ते टाळत नसत, खरंच तसं ठरवत. पण एक गाव झालं की दुसरं निघे.

त्या हिवाळ्यात दोन नव्या मुली कामाला आल्या. त्यांना प्रश्न कसे विचारायचे हे शेजारच्या वहिनींकडे नेऊन दाखवायची आमची पद्धत होती. त्या दिवशी वहिनींच्या दाराला कुलूप होतं. सर म्हणाले, “मग घरातच दाखव. अहो, जरा येता का?”

काकू सुपात तूर निवडत होत्या. सूप घेऊनच आल्या आणि खुर्चीत बसल्या. मी प्रश्न विचारू लागले. शिक्षण. काय काय येतं. त्यांनी टायपिंग सांगितलं तेव्हा सर म्हणाले, “अरे, हो की!” आणि खूष झाले. मग मी पल्ल्याचा प्रश्न विचारला. एकटं, न विचारता, आणि परत.

काकूंचे हात सुपात थांबले. त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, “चक्की.”

“कोणती चक्की?” मी विचारलं.

“दळणाची. कोपऱ्यावरची.”

“काय चेष्टा करता!” सर मागून हसले.

“चेष्टा काहाची? भाजी तुम्ही आणता. बँकेत तुम्ही जाता. लग्नाला तुमच्यासोबत. अकोल्याला तुम्ही न्याल तेव्हा.”

“अहो, पण दारात ऑटो येतो. तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला कधी कोणी अडवलं?”

 नव्या मुलींना काही कळलं नव्हतं, पण माझं पेन कागदावर थांबलं, आणि मी सरांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्याकडे असं पाहिलं असेल. त्यांच्या कानांवर लाली चढली. स्वतःचं वाक्य त्यांना ऐकू आलं होतं.

ते म्हणाले, “लिही. चक्की.”

मी पेन्सिल शोधू लागले. “पेननं लिही,” ते म्हणाले.

आणि मग, माझी शप्पथ, ते दहा मिनिटं जास्त बसले. समोर स्टूल घेऊन, दुसऱ्या कोणाच्या घरात बसावं तसे. “काय काय लागते जायला?” त्यांनी विचारलं. काकूंना आधी हसू आलं, मग त्या सांगू लागल्या. बसची पाटी वाचता येते. चालता येते. स्टॅंडवर बाईला जायला नीट जागा आहे का, माहीत नाही. तुम्ही दुपारी जेवायला आलात आणि मी नसले तर? आणि मुख्य म्हणजे किल्ली.

घराच्या अलिगढी कुलपाला एकच किल्ली उरली होती, आणि ती सरांच्या जानव्याला असे. ते सकाळी सातला गावांकडे निघत, किल्ली त्यांच्यासोबत जाई. मागे घर उघडं टाकून जाणार कुठं? चक्कीवरून दार दिसत होतं, म्हणून चक्की.

“मी एवढी वर्षं ही जानव्याला...” सरांनी बनियनमध्ये हात घातला आणि किल्ली मुठीत धरली. मला गच्चीच्या किल्लीची गोष्ट आठवली. त्यांनाही आठवली असणार.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं करून टाकायचा सपाटा लावला. बसचं वेळापत्रक सुबक अक्षरात. मूर्तिजापूरला बस किती थांबते याची चौकशी. “उद्या सकाळी निघा. मी सांगतो जा म्हणून!”

काकूंनी कागद वाचला, घडी केली आणि त्यांच्या हातात परत दिला. “तुम्ही पाठवलं म्हणून गेले, तर ‘न विचारता’चा रकाना कसा भरणार? खोटं लिहाल?”

सरांचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होता. हरलेल्या माणसाचा, आणि त्याच वेळी नवा प्रश्न सापडलेल्या माणसाचा. पुढचा आठवडाभर त्यांनी आम्हाला छळलं. “परवानगी अशी कशी द्यावी की ती परवानगी होणार नाही?” जेवताना, एसटीत, गावात तक्ता भरताना. मी म्हणाले, सर, गप्प बसून. ते म्हणाले, “तेवढ्यानं होत नाही. इतकी वर्षं मी गप्पच होतो.”

शेवटी ते चौकातल्या चावीवाल्याकडे गेले. दुसरी किल्ली करून आणली, दाराजवळच्या खिळ्याला टांगली, आणि तिच्याबद्दल एक अक्षरही बोलले नाहीत. त्याच दिवसापासून ते चहा करायला शिकू लागले. काकू टोमणा मारत, “तुमचा पल्ला दिल्लीपर्यंत, पण साखरेच्या डब्यापर्यंत पोचत नाही.” ते निमूटपणे डबे उघडून पाहत.

किल्ली खिळ्यावर तशीच राहिली. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. सर जातायेता तिच्याकडे पाहत आणि मान वळवत. दुपारचे फोन चालू होते. “तू कोण ग?” आता रोज ऐकू येई.

एका सोमवारी मी दुपारी परतले तर दाराला कुलूप. सर पायरीवर बसलेले. त्यांची किल्ली त्यांच्याजवळ होती, पण आत गेले नव्हते.

“चक्कीवर गेली असेल,” ते म्हणाले.

“सर, सोमवारी चक्की बंद असते.”

“हो. पाहून आलो.”

मी फोन काढला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. “नको. फोन म्हणजे विचारणंच झालं.”

मग ते आत गेले, साखर सापडली नाही, तर गूळ घालून चहा केला. चहा फाटला. आम्ही दोघांनी तो प्यायला. चार वाजले, पाच वाजले. सर दर थोड्या वेळानं फाटकापाशी जात, रस्त्याकडे न पाहता झाडाकडे पाहत, आणि परत येऊन बसत. एकदा स्वतःशीच म्हणाले, “बाया किती वर्षं अशा बसत असतील, नाही?”

साडेपाचला काकू कोपऱ्यावर दिसल्या. ऑटो न करता स्टॉपवरून चालत आल्या होत्या. हातात पिशवी, केस विस्कटलेले. सर उठून उभे राहिले. तोंडून निघालं ते तक्त्यातलंच. “एकट्या?”

“मग काय बॅण्ड लावून जाणार होते?” काकू पायरीवर बसल्या आणि चपला काढल्या. “मूर्तिजापूरला उतरून आलूबोंडा खाल्ला. उभ्यानं.”

“उभ्यानं?”

“उभ्यानं. गरम होता.”

“ताईंनी ओळखलं?” मी विचारलं. सरांना ते विचारवत नव्हतं.

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. “नाही ओळखलं. आईच्या नावानं हाक मारत होती मला. मी म्हटलं, चालेल. तिची वेणी घालायला बसले. लहानपणी ती माझी घालायची. अर्धी वेणी झाली, आणि मागं न पाहता म्हणते कशी, ‘तू एकटी आलीस ग? तुझा मास्तर कुठं ठेवलास?’”

त्या हसू लागल्या आणि हसता हसता रडल्या. सर त्यांच्याशेजारी खालच्या पायरीवर बसले.

संध्याकाळी ते कंपास घेऊन स्टुलावर चढले. अमरावतीत टोक रोवलं, दुसरं अकोल्याच्या अंतरापर्यंत न्यायला कंपासचे पाय फाकवले. आतून काकू म्हणाल्या, “थांबा. एकदा गेलं तर सहल. अजून एकदा जाऊ द्या, मग मारा रेघ.”

त्या महिन्यातच त्या परत गेल्या, आणि नंतर ताई असेपर्यंत जात राहिल्या. लाल वर्तुळ त्यांनी स्वतः काढलं. जरा वेडंवाकडं आलं. पश्चिमेकडं ते जिल्ह्याच्या हद्दीबाहेर, नकाशाची चौकट ओलांडून भिंतीवर गेलं आहे.

मी आता अकोल्यात नोकरी करते. माझी आई गेल्या वर्षी चांदूर बाजारला एकटी जाऊन माझ्यासाठी बांगड्या घेऊन आली, आणि ते मला फोनवर सांगताना तिचा आवाज चोरी केल्यासारखा होता. सरांना सांगायला मी मुद्दाम अमरावतीला गेले. त्यांना मधे झटका येऊन गेला होता. उजवा पाय ओढत चालतात, बोलणं अडखळतं. काकू महिन्यातून एकदा माझ्याकडे मुक्कामाला येतात, तेव्हा शेजारच्या वहिनी सरांजवळ बसतात. पूर्वी आठवड्याला जाता यायचं, आता तेवढं येत नाही, असं त्या सरळ सांगतात.

घराचं रूप बदललेलं दिसलं. दारासमोरच्या दोन पायऱ्या फोडून तिथं उतार केलेला. दारापासून फाटकापर्यंत भिंतीला कमरेच्या उंचीवर लोखंडी पाइप. वाटेत एक दगडी ओटा, दम लागला तर टेकायला. सगळं काकूंनी गवंडी बोलावून स्वतः उभं राहून करून घेतलं होतं.

आम्ही बाहेर बसलो होतो. आईच्या बांगड्यांची हकिकत ऐकून सर हसले. मग माझ्याकडे वळून हळूहळू म्हणाले, “माझा... विचार.”

मला कळलं. मी विचारलं, “सर, तुमचा पल्ला कुठवर?”

त्यांनी पाइप धरला आणि उठले. उताराशी त्यांचा पाय थरथरला, आणि मी खुर्चीतून अर्धी उठले. काकूंनी माझ्याकडे न पाहताच माझा पदर धरून मला खाली बसवलं. त्यांची स्वतःची बोटं पांढरी पडली होती.

सर ओट्याशी थांबले. मग पुढे गेले. फाटकाची कडी काढायला त्यांना खूप वेळ लागला. रस्त्यावर उभं राहून त्यांनी एकदा चक्कीच्या दिशेनं पाहिलं, एकदा दुसरीकडं, आणि ते चालू लागले. आम्ही दोघी बसून राहिलो. ते परत येईपर्यंत कोणीही काही विचारलं नाही.